बाहेरचे

घरातल्या जिन्याखाली घुरघुरणाऱ्या एका सर्व्हरवरून दोन भावांचं बिनसलं होतं. दोघांनी मिळून लिहिलेला सगळा प्रोग्राम त्याच्याच पोटात होता आणि दोघांची भाकरीही त्याच्यावरच. धाकटा रागाच्या भरात भाड्याच्या खोलीवर राहायला गेला, तेव्हापासून तिथूनच एका खासगी, पासवर्डच्या वाटेनं तो सर्व्हरमध्ये शिरायचा आणि काम करायचा. आज त्याला दिसलं, की थोरल्याचा मेहुणाही प्रोग्रामात हात घालतोय. त्यानं तडक फोन लावला.

“दादा, परक्याला आत घेतलंस?”

“तो निदान तुझ्यासारखा पाठ फिरवून तरी गेला नाही.”

“थांब, बाहेरच्या एकेकाला हाकलूनच देतो आता.”

“दे की. तेवढंच तर येतं तुला.”

धाकट्यानं दातओठ खात सर्व्हरला हुकूम सोडला: फक्त घरातले कॉम्प्युटर आत घे, बाहेरून येणाऱ्या सगळ्या वाटा बंद कर. बटण दाबलं आणि त्याची स्क्रीन जागच्या जागी थिजली. त्यानं पुन्हा पुन्हा शिरून पाहिलं, पण सर्व्हर दाद देईना.

“दादा, सर्व्हर बंद केलास ना? लाज नाही वाटत?”

“मी कशाला बंद करू? झकास चाललाय. मेहुणा तुझ्याच खोलीत बसून काम करतोय. राहतोच आता तो इथं.”

हुकूम सोडताना धाकट्यानं स्वतःला घरातलाच धरलं होतं.