तळचा कप्पा

बंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या नव्या ग्रंथालयाचं उद्या उद्घाटन होतं. प्रकाशयोजना करणाऱ्या प्रणितानं प्रत्येक टेबलावर मीटर ठेवून उजेड मोजला. सगळे आकडे बरोबर आले. तेवढ्यात जुन्या ग्रंथालयापासूनचे शिपाई कृष्णात अण्णा पुस्तकांच्या कपाटापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातून टॉर्च काढला. “एवढ्या दिव्यांत टॉर्च कशाला, अण्णा?” “मराठी पुस्तकं तळच्या कप्प्यात असतात, अक्का. स्वल्प वाकलं की आपलीच सावली पडते.” “मग आधी का नाही सांगितलंत?” “तीस वर्षं टॉर्चच वापरतोय. ग्रंथालय असंच असतं, वाटलं.” प्रणितानं जमिनीवर बसून मीटर धरला, आकडा पाहिला आणि शिडी मागवली. छतावरचे दिवे दोन्ही बाजूंनी तिरके वळवून घेतले. अण्णांनी सवयीनं टॉर्च लावला. तळच्या कप्प्यात आता एवढा उजेड होता की झोत कुठंच दिसेना. त्यांनी सेल काढून खिशात टाकले. “घरचं घड्याळ बंद पडलंय,” ते म्हणाले. “त्याला होतील.”