बोटीच्या दिवसाचं पाणी

गेल्या खेपेला नैरोबीहून मालवणला माहेरी आलेली जानकी आठवडाभर हगवणीने आडवी झाली होती. "परमुलखात राहून इथल्या पाण्याची सवय मोडली. आता उकळलेलंच प्या," असं डॉक्टरांनी बजावलं. आईला ते लागलं. "मडमीण झालंस गो! ह्याच पाण्यार वाढलंस मां?" एवढंच ती म्हणाली. पुढे चार वर्षं जानकी पत्रातून 'येते, येते' म्हणत राहिली. आईने एकाही पत्राला उत्तर धाडलं नाही.

यंदा ती बोटीने पोचली तेव्हा आईचं दिवसकार्यही उरकलं होतं. आई मनात राग धरूनच गेली, ही टोचणी घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली. रीतीप्रमाणे शेजारच्या काशीकाकीने घरातलं भरलेलं सगळं पाणी ओतून टाकलं होतं. चुलीजवळची एक कळशी मात्र, फडक्याने तोंड बांधलेली, तशीच भरलेली होती.

"ही कशी रवली गो काकी?" तिने मागोमाग आत आलेल्या काकीला विचारलं.

 

"दर बोटीच्या दिसाक तुझी आवस पाणी उकळून ठेवी, बाये, तू इलंस तर म्हणान. ह्या शेवटचा. ओतूक माझो हात धजलो नाय."