हाडाने ऐकायचं यंत्र

झाशीच्या दवाखान्यात कमळाबाईंच्या बहिऱ्या यजमानांच्या डोक्याला पट्टी बांधून डॉक्टरीणबाईंनी कानामागच्या हाडावर यंत्र टेकवलं. “अंकलजी, आवाज़ आए तो उँगली उठाइए,” असं लिहून दाखवलं. हाडातूनही ऐकू आलं नाही, तर दुसरा इलाज नव्हता. समोर बसलेल्या कमळाबाईंनी श्वास रोखला. यंत्राला जोडलेल्या स्पीकरमधूनही पीं वाजलं. कमळाबाईंच्या भुवया उंचावल्या, यजमानांचं बोट वर गेलं. पुन्हा पीं, पुन्हा बोट. वीस वर्षांनी यांना हाक मारता येणार, म्हणून कमळाबाईंचे डोळे भरून आले. डॉक्टरीणबाई मात्र दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. “आंटीजी, ज़रा दीवार की तरफ़ मुँह कर लीजिए.” कमळाबाई वळल्या. पीं वाजलं. मग आणखी मोठ्याने. यजमानांचं बोट मांडीवरच. कमळाबाईंच्या कानठळ्या बसल्या, तेव्हा यजमान वैतागून म्हणाले, “अगं, यंत्र बंद पडलं वाटतं. इकडे बघ ना जरा!”