उंदुह

नवरीची होडी दाराशी लागली तेव्हा भरतीला अजून अवकाश होता, तरी ओसरीवर घोटाभर पाणी होतंच. कास्तुरी आणि त्याची बायको झुमरोह यांनी मासळीच्या क्रेटवर फळ्या टाकून वाट केली होती. त्या वाटेवर उभं राहून दोघांनी मुलाच्या आणि सुनेच्या खांद्यांभोवती मिळून एकच तांबडं-पांढरं वस्त्र लपेटलं आणि त्यांना आत घेतलं. कास्तुरी पुढे, झुमरोह मागे. आत शिरताना सगळ्यांनाच वाकावं लागलं. समुद्र वर येत गेला तशी कास्तुरी भर घालून जमीन उंच करत गेला होता. छप्पर मात्र होतं तिथंच राहिलं. नवरीच्या डोक्यावरची फुलं तुळईला अडकली. तिनं ती हसत सोडवून घेतली. कास्तुरीला ती तिथंच आवडली.

सुनेला असं घरी आणण्याला जावा बेटावर उंदुह मांतू म्हणतात. नवरी यूलिया दुसऱ्या बेटावरच्या पालेंबांगच्या घरातली, वाढलेली जकार्तात. तिला जावाची बोली येत नव्हती. जेवता जेवता तिनं सासऱ्याला विचारलं, "बापाक, मला उंदुह करतात म्हणजे नेमकं काय करतात? आम्ही तर फोनवर गाणी उंदुह करतो."

सगळे हसले. कास्तुरीही हसला. शब्द मूळचा आमचा, फोनवर गाणी उतरवून घेण्यासाठी तो नंतर नेला, असं त्यानं तिला सांगितलं. झाडावरचं फळ उतरवायचं ते उंदुह. जांब काठीनं झोडपायचा नसतो, पडला की फुटतो. एका हातानं देठ धरायचा, दुसरा हात खाली ठेवायचा, आणि अलगद उतरवून घरात आणायचा. सूनही तशीच आणायची.

"तुमची झाडं कुठं आहेत?"

त्यानं मागच्या खिडकीकडे बोट केलं. बाहेर लांबवर पाणी होतं. त्यात काळे पडलेले बुंधे उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. यूलिया त्या बुंध्यांकडे बघत राहिली.

जेवण झाल्यावर त्यानं दोघांना खोली दाखवली. पलंगाच्या पायांखाली विटा रचल्या होत्या, म्हणजे मोठी भरती आली तरी गादी भिजू नये. भिंतींना नवा चुना होता. लग्न ठरलं तेव्हा मुलगा लुत्फी म्हणाला होता की वर्षातले काही महिने आम्ही गावी राहू. त्या बोलण्यावर कास्तुरीनं ही खोली उभी केली होती. आता लुत्फी खोलीच्या आत आला नाही. दारातच उभा राहिला.

दुपार कलली तसं पाणी चढू लागलं. होडीवाल्यानं दोनदा हाक दिली. यूलियाचे वडील हारून यांनी कास्तुरीला बाजूला घेतलं आणि फार अदबीनं सांगितलं की व्याही, मुलीला इथं ठेवून मला झोप लागायची नाही, सेमारांग शहरात हॉटेलची खोली घेतली आहे. कास्तुरी म्हणाला, एक रात्र तरी राहू द्या, रीत आहे. हारून यांनी जावयाकडे पाहिलं.

"बापाक, उद्या सकाळचं विमान आहे," लुत्फी म्हणाला. "तिकिटं काढून झालीत."

"कधी काढलीस?"

"लग्नाच्या आधी."

आता हिनंच मुलाला काहीतरी सांगावं म्हणून कास्तुरी बायकोकडे वळला. झुमरोह होडीकडे बघत होती. तिचं गाठोडं होडीवाल्याच्या पायाशी ठेवलेलं होतं. ते तिथं कधी गेलं, कुणी नेलं, त्याला कळलंच नव्हतं. खाऱ्या पाण्यानं तिच्या पोटऱ्यांवर वर्षानुवर्षं चट्टे उठत होते. रोज संध्याकाळी ती त्यांना खोबरेल लावत बसायची आणि तो शेजारी बसून जाळं विणायचा.

"मला कोरड्या जमिनीवर झोपायचंय," ती म्हणाली. "तुम्हीही चला."

तो जाणार नव्हता. त्याच्या आईवडिलांच्या कबरी पाण्याखाली होत्या. होडी कुठं थांबवून दुवा मागायची, हे आता त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं एवढंच सांगितलं की तू जा, राहा थोडे दिवस. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. त्यानंच तिला हात देऊन होडीत उतरवलं. यूलियानं त्याचा हात कपाळाला लावला. तिचे डोळे भरून आले होते. तिच्यावर रागवावं असं त्याला फार वाटत होतं, पण ते जमेना. लुत्फी पाठमोरा बसला होता.

होडी दिसेनाशी झाली. कास्तुरी ओसरीवर उभाच होता. पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

पलीकडच्या घरातून मुंतोलिबनं हाक मारली. त्या बाजूला वस्तीला आता तेवढंच घर उरलं होतं. म्हाताऱ्याला ताप होता म्हणून तो जेवायला येऊ शकला नव्हता. तो खिडकीत टेकून उभा होता. मधे एवढं पाणी होतं, की त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"सून आली का रे?"

"आली."

"राहणार ना?"

कास्तुरीनं तोंडावरून हात फिरवला.

"राहणार," तो म्हणाला.

"बरं झालं. आम्ही या महिन्यात निघणार होतो. आता नाही निघत. बायकोला सांगतो, बांधलेलं सामान सोड."

मुंतोलिब आत गेला. थोड्या वेळानं पलीकडून हातोडीचा आवाज येऊ लागला. बरोबर न्यायला म्हणून भिंतीच्या काढून ठेवलेल्या फळ्या म्हातारा एकेक करून परत ठोकत होता.