सोबत पाहिजे

"सोबत आहे ना गं कुणाची?" लहानपणी मी उंबरठा ओलांडला की मागून आईचा आवाज यायचाच. आई गेली, बाबा एकटे उरले, आणि शब्दकोशाच्या कामात नेमका 'सोबत' हाच शब्द माझ्या वाट्याला आला. जुन्या वर्तमानपत्रांत तो कसा वापरायचे, ते शोधायचं होतं. अंकांचा गठ्ठा घेऊन मी बाबांकडे गेले. त्यांनी उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासली. विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची खोड अजून गेलेली नाही.

"बाबा, आता तरी माझ्याकडे राहायला चला," मी नेहमीचं तुणतुणं वाजवलं.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? राजासारखा राहतोय इथे. तू लिही." आणि ते जाहिराती वाचू लागले. "'बोटीने निघालेल्या बाईंस सोबत पाहिजे, स्वल्पविराम, बडबडी नको, पूर्णविराम.' 'रात्री दुकानात निजण्यास सोबत पाहिजे, स्वल्पविराम, घोरणारा चालेल, पूर्णविराम.'"

आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

"'एकट्या गृहस्थास जेवताना सोबत पाहिजे...'"

पूर्णविराम आलाच नाही. मी वर पाहिलं, तर बाबांनी चष्मा काढून ठेवला होता.

"केवढा धीर गं या माणसाचा! चारचौघांत छापून मागितलं," ते म्हणाले. "मला पोटच्या पोरीपाशी तोंड उघडवेना. ताटावर बसतो आणि तसाच उठतो बघ. ने मला तुझ्याकडे."