तळमजल्यावरची कंपनी

"मॅडम, आज जॉईन व्हायचंय," दारातली मुलगी म्हणाली. हातात बॅग, कडक इस्त्रीचे कपडे, आणि आनंद तर चेहऱ्यावर मावत नव्हता.

बाईंनी कपाळाला हात लावला. आणखी एक! कुणा भामट्यांनी बनावट नेमणूकपत्रांवर त्यांच्याच घराचा पत्ता ठोकून दिला होता. आत कंपनी म्हणाल तर एक शिवणयंत्र, एक पलंग आणि नवरा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या बाई.

"पैसे भरलेस का गं?"

"अर्धे. उरलेले दुपारपर्यंत भरायचेत."

"एक छदामही पाठवू नकोस. नोकरी देणारा कधी पैसे मागतो का? मुलाखतीत तोंड तरी दाखवलं त्यांनी?"

मुलगी मटकन खाली बसली. रडली, बाईंवरच चिडली, मग चहा प्यायली. संध्याकाळपर्यंत तिने आपल्या मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिची उसवलेली बाही शिवून दिली. निघताना ती पोचल्यावर फोन करते म्हणाली, पण केला नाही. कुणीच करत नसे. जिथे आपली फजिती झाली, तिथे कोण कशाला फोन करेल?

"आई, कुणालाही काय घरात घेतेस!" परगावचा मुलगा फोनवर डाफरला. त्याने एक पाटीच छापून पाठवली: 'येथे कोणतीही कंपनी नाही. तुमची फसवणूक झाली आहे. आणखी पैसे भरू नका.' बाईंनी ती मुकाट्याने दारावर लावली.

पाटी कामाला चोख निघाली. लोक येत, वाचत, निघून जात. बेल वाजेनाशी झाली. बाईंना घर खायला उठलं. फसलेल्यांची कसली वाट बघतेस, म्हणून त्या स्वतःलाच दटावत आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसत.

आज एक पिकल्या केसांचे गृहस्थ आले. त्यांनी पाटी वाचली. परत वाचली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हो, पोचलो," ते हसून म्हणाले. "ऑफिस छान आहे गं. तू जेवून घे."

फोन खिशात गेला आणि हसू मावळलं. बाई गुडघे सावरत दार उघडेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती.

बाईंनी पाटी उपटायला हात घातला आणि त्या थांबल्या. पाटी नसली, तर एखादा दारात उभ्या उभ्याच उरलेले पैसे पाठवून बसायचा. त्यांनी कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि छापील अक्षरांच्या खाली लिहिलं, 'तरी बेल वाजवा.'