मेणातला तुकडा

"पैसे पुरेसे जमले, मावशी," डॉक्टर एवान्थिया म्हणाल्या. "अडलंय ते दुसरंच."

स्तामातियाने संत्र्याच्या मुरंब्याची बशी त्यांच्यापुढे सरकवली. दर ईस्टरला ती चर्चच्या अंगणात गोड पाव विकून पैसे जमवत होती, त्याला आता नऊ वर्षं झाली. तिची मुलगी मिर्सिनी सव्विसाव्या वर्षी गेली. अंडाशयाचा कॅन्सर, तोही लाखात एखादीला होणारा. इतक्या थोड्या बायकांसाठी संशोधनात कोण पैसा घालणार? म्हणून स्तामातियाने निम्म्या वोलोस शहराची दारं ठोठावली होती. तिला पाहून लोक रस्ता बदलायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

"आता काय अडलं?"

"गाठीचे तुकडे." डॉक्टर शब्द तोलून बोलत होत्या. "ऑपरेशननंतर ते मेणात जपून ठेवतात. या आजाराचे देशभरातून मोजकेच मिळाले. त्यातला सगळ्यात मोलाचा एक होता, तो घरच्यांनी परत नेला. बहुधा पुरला. त्याच्यावाचून काम पुढे सरकत नाही. आणि गेल्या आठवड्यात आणखी एक मुलगी आलीय. एकोणीस वर्षांची."

"पुरला?"

खिडकीशी बसून बदाम सोलणाऱ्या अर्गिरीसचा, तिच्या नवऱ्याचा, हात थांबला.

"कसली माणसं म्हणायची ही!" स्तामातिया उसळली. "आमच्या मिर्सिनीचा तुकडा आम्ही दिलाच ना? आम्हाला काय काळीज नव्हतं?"

डॉक्टरांनी अर्गिरीसकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"पोर अख्खी मातीत जावी, असं वाटलं असेल कुणाला," तो पुटपुटला.

"तू गप्प बस! तुला सगळ्या जगाचा पुळका. त्यांच्या हट्टापायी ही एकोणीस वर्षांची पोर गेली म्हणजे? डॉक्टर, नाव सांगा मला. मी जाते, पाया पडते. नाही ऐकलं तर दारात उभी राहून शिव्या घालते."

"नाव सांगता येत नाही, मावशी."

मुरंबा तसाच टाकून डॉक्टर उठल्या. अर्गिरीस त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. आत स्तामातिया फोनवर बहिणीला त्या दगडाच्या काळजाच्या माणसांविषयी सांगत होती. आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"काका, मी खरं तर विचारायला आले होते," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "वाटलं, अजून घरात असेल कुठेतरी."

"नाही."

"तुकडा परत नेल्याच्या कागदावरची सही—"

"ठाऊक आहे. मी अडवायला हवं होतं. जन्मभर खंत राहील मला." त्याने फाटकाची कडी काढली. "तिला त्यातलं काही आठवत नाही. पोर गेल्यावर आठवडाभर ती गोळ्यांच्या गुंगीतच होती. सही तिने केली, आणि शवपेटीत पोरीच्या उशाखाली त्या तुकड्याची डबी ठेवली, तीही तिनेच."